सोललेल्या बिया

झाडंसुद्धा एकमेकांची विचारपूस करायची, तेव्हाची ही गोष्ट. माळावरच्या चिंचेवर एक खार एकटीच राहायची. पलीकडच्या कडुलिंबावर थव्यातून चुकलेला एक राघू होता. त्याला जेवायला बोलवावं असं तिला रोज वाटे. पण सगळी तयारी झाल्याशिवाय पाहुणा कसा बोलवायचा?

तिने सूर्यफुलाच्या बिया आणल्या आणि एकेक सोलायला बसली. बीच्या पोटात ई जीवनसत्त्व नावाचा राखणदार असतो. बीतलं तेल खवट होऊ नये म्हणून तो झिजतो, आणि खाणाऱ्याच्या अंगात गेल्यावर तिथेही राखणच करतो. तो म्हणाला, "बाई, टरफल राहू दे. उघड्या हवेत मी फार दिवस पुरणार नाही."

"पाहुण्याला का सोलायला लावू?" खार म्हणाली.

ढोली भरायला दोन महिने लागले. रोज सोलून झालं की ती कडुलिंबाकडे बघायची. राघूही बघत असे, पण न बोलावता जायचं कसं, म्हणून गप्प बसे. इकडे राखणदार झिजून झिजून संपला.

शेवटी खारीने हाक मारली. राघूने एक बी चोचीत धरली. ती खवट होती, तरी त्याने गिळली. खारीनेही एक चाखली आणि मान खाली घातली.

"तुला त्रास नको म्हणून मी एकटीनेच सगळ्या सोलल्या," ती म्हणाली.

राघू टरफलांच्या ढिगाकडे बघत राहिला.

"खारूताई," तो म्हणाला, "मी सोलायलाच आलो असतो."