काळा ॲम्प, तांबडा ॲम्प

एका गावात एक भोळा मेहुणा होता. सोपान त्याचं नाव. ‘भोळा’ हा त्याच्या ताईचा शब्द. दाजींचा शब्द वेगळा होता.

दाजी गिटार वाजवत. जत्रेच्या कमिटीने यंदा तमाशाला रजा देऊन दाजींच्या रॉक बँडला रात्र दिली होती. ती रात्र फसली, तर पुढच्या वर्षी पुन्हा तमाशा आणि दाजी जन्मभर गावाच्या चेष्टेचा विषय. म्हणून तालुक्याच्या मुजावरचाचांनी आपल्या दुकानातले, गिटारचा आवाज मोठा करणारे दोन ॲम्प दाजींना पारखायला दिले. एक काळा, एक तांबडा. दोन्ही जुन्या पद्धतीचे, आत काचेचे व्हॉल्व्ह. चांगल्या आवाजाचा ठेवायचा, दुसरा चाचा संध्याकाळी येऊन नेणार.

दाजींनी काळा चालू करायला सांगितलं. सोपानने बटण दाबलं आणि लगेच तार छेडली. आवाज नाही. त्याने ॲम्पच्या डोक्यावर चापट मारली.

“अरे बाबा, व्हॉल्व्ह आधी तापू द्यावे लागतात,” दाजी म्हणाले. “तापल्याशिवाय आवाज नाही, हे डोक्यात ठेव.”

सोपानने ठेवलं.

तेवढ्यात ताईने आत बोलावलं. “मी कपडे वाळत घालते. दुधाकडे बघ. वर आलं की हाक मार.”

दूध वर आलं. सोपान बघत होता. दूध ओट्यावरून खाली उतरलं. सोपान बघतच होता.

“तोंडाला काय कुलूप लागलं होतं?” ताई धावत येऊन म्हणाली.

“दूध तापलं होतं, ताई. मी कुठे तापलो होतो?”

ताईने कपाळाला हात लावला. “हे बघ सोपाना, सांडायला लागलं की विचार करत बसायचं नाही. आधी बंद करायचं.”

सोपानने तेही डोक्यात ठेवलं. तिथे जागा भरपूर होती.

तो परत आला तेव्हा दाजी काळ्याचा आवाज वाढवत होते. व्हॉल्व्हच्या ॲम्पची गंमत अशी, की हद्दीपलीकडे नेला की आवाज काठावरून सांडतो, करकरतो, गुरगुरतो. रॉकवाले त्याचसाठी जीव टाकतात. काळा करकरला. दाजींनी सुखाने डोळे मिटले. सोपानने बटण बंद केलं.

“काय झालं?”

“सांडत होता, दाजी.”

दाजींनी दारात उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. बायकोने आढ्याकडे पाहिलं.

मग तांबड्याची पाळी आली. तो दिसायला नाजूक, म्हणून सोपानने गुपचूप त्याचा आवाज कमी ठेवला. दाजींनी पकडलं.

“अशी तुलना होते का रे? एकाला जे केलं तेच दुसऱ्याला करायचं. तीच गिटार, तीच वायर, तोच आकडा. तेव्हा कळतं कोण कसा आहे.”

सोपानला हे फार पटलं. न्यायाची गोष्ट होती.

अखेर दाजींनी निकाल दिला. “काळा नुसता भुंकतो. तांबडा चावतो. रॉकला चावणारा लागतो. तांबडा आपला, काळा चाचांना. मी स्टेज बघून येतो, तू दोघांवर लक्ष ठेव.”

सोपान ताकाची वाटी घेऊन लक्ष ठेवायला बसला. मध्येच उचकी लागली आणि सगळं ताक काळ्याच्या जाळीतून आत गेलं. काळा अजून चालूच होता. आत काच तडकली, फेस बाहेर आला. सोपानने विचार न करता बटण बंद केलं. ताईची शिकवण एकदाची कामी आली.

संध्याकाळी चाचा आणि दाजी एकदमच दारात आले. खोलीत आंबूस वास होता.

“काळ्यात ताक सांडलं,” सोपान म्हणाला.

दाजी मटकन बसले. मग जरा धीर धरून म्हणाले, “तांबडा तर धड आहे ना?”

“दाजी, मी काय एवढा खुळा आहे? एकाला झालं तेच दुसऱ्याला केलं. आधी तापू दिला. मग तेच ताक, तीच वाटी. फेस आला तसा बंद केला.”

बाहेर जत्रेच्या कर्ण्यावरून दाजींच्या बँडचं नाव पुकारत होते.

सोपानने दोन्ही बटणं दाबली. व्हॉल्व्हना तापायला पुरेसा वेळ दिला. मग गिटार घेऊन एकदा काळ्यावर तार छेडली, एकदा तांबड्यावर. दोन्ही वेळा कान देऊन ऐकलं आणि समाधानाने मान डोलावली.

“चाचा, कुठलाही न्या. दोघांचा आवाज आता अगदी सारखा आहे.”