खट्ट! डोंगर काय म्हणाला?

एक होती पाल. घाबरू नका हं! मोठी नव्हती. अगदी इवलीशी. समईतल्या वातीएवढी. नाव तिचं चुक्की. भिंतीवरच्या घड्याळामागे राहायची.

घड्याळाखाली होता टीव्ही. जुना, जाडजूड. पाठीला हे एवढं पोक! बटण दाबलं की आधी नुसताच गुंईऽऽ करायचा. मग हळूच चित्र दिसायचं.

रोज चार वाजता टीव्हीवर एक गाणं लागायचं.

"ढग रुसला, ढग फुगला,
डोंगरामागे जाऊन बसला.
डोंगर म्हणाला, डोंगर म्हणाला..."

खट्ट!

टीव्ही बंद. काच काळी.

घरातली कुमुदआत्या म्हणायची, "मेला, पुन्हा गेला!" मग ती पिन हलवायची. अँटेना फिरवायची. टीव्हीच्या पाठीत एक थाप द्यायची. धप्प! टीव्ही लागायचा. पुन्हा खट्ट! तोवर गाणं संपलेलं असायचं.

डोंगर काय म्हणाला? कोणालाच कळायचं नाही. चुक्कीला फार वाईट वाटायचं. ढग बिचारा रोज रुसलेलाच राहायचा.

एक दिवस खट्ट झाल्या झाल्या चुक्की म्हणाली, "आता पुरे! मी ढगाची समजूत काढणारच!"

आणि निघाली. सुर्र सुर्र, थांब! सुर्र सुर्र, थांब!

गेली टीव्हीकडे.

"टीव्हीदादा, टीव्हीदादा, मध्येच गप्प का होतोस?"

टीव्ही म्हणाला, "मी तापतो गं! माझ्या पाठीला भोकं आहेत. त्यांतून मी श्वास घेतो. त्यांच्यावर रुमाल आलाय. रुमाल सरकेल, तर मी गाईन. नाहीतर खट्ट!"

सुर्र सुर्र, थांब! चुक्की गेली रुमालाकडे. रुमाल क्रोशाचा. आत्याने स्वतः विणलेला. पुढून लोंबत होता, मागूनही लोंबत होता.

"रुमालभाऊ, रुमालभाऊ,
टीव्ही गाईना,
ढगाची समजूत कोणी काढीना!
तू सरक ना!"

रुमाल म्हणाला, "कसा सरकू? माझ्यावर हत्ती बसलाय. हत्ती ढळेल, तर मी सरकेन. नाहीतर मुळीच नाही!"

सुर्र सुर्र, थांब! चुक्की गेली हत्तीकडे. हत्ती पितळेचा. रोज चिंचेने घासलेला. लखलख!

"हत्तीकाका, हत्तीकाका,
रुमाल सरकेना,
टीव्ही गाईना,
ढगाची समजूत कोणी काढीना!
तुम्ही ढळा ना!"

हत्ती म्हणाला, "माझे पाय पितळेचे. ते वाकत नाहीत. कुमुदआत्या उठून मला उचलेल, तर मी ढळेन. नाहीतर मुळीच नाही!"

सुर्र सुर्र, थांब! चुक्की गेली आत्याकडे.

"आई गं! पाल!" आत्या ओरडली.

"चुक चुक," चुक्की म्हणाली.

पाल चुकचुकली की आत्या काय करायची, माहीत आहे? जमिनीवर बोटं आपटायची. टक टक टक! "कृष्ण, कृष्ण!" म्हणायची. तसं तिने केलं. मग म्हणाली, "बोल बाई, काय ते. पण लांबूनच बोल!"

"कुमुदआत्या, कुमुदआत्या,
हत्ती ढळेना,
रुमाल सरकेना,
टीव्ही गाईना,
ढगाची समजूत कोणी काढीना!
तू ऊठ ना!"

आत्या म्हणाली, "कशी उठू? मांडीवर बाळ आहे. बाळ उतरेल, तर मी उठेन. नाहीतर मुळीच नाही!"

सुर्र सुर्र, थांब! चुक्की गेली बाळाकडे. फार लांब नव्हतं. आत्याच्या मांडीवरच होतं.

"बाळा, बाळा,
आत्या उठेना,
हत्ती ढळेना,
रुमाल सरकेना,
टीव्ही गाईना,
ढगाची समजूत कोणी काढीना!
तू उतर ना!"

बाळाने पाय दाखवले. एका पायात मोजा. दुसरा पाय उघडा. बाळ म्हणालं, "फलशी गाल आहे. माऊने मोजा नेला. माऊ हलेल, मोजा मिळेल, तल मी उतलेन. नाहीतल मुलीच नाही!"

सुर्र सुर्र, थांब! चुक्की गेली माऊकडे. माऊ कोपऱ्यात मोज्यावर बसली होती. अंगाचं मुटकुळं करून.

चुक्की झटकन भिंतीवर वर चढली. सुर्र सुर्र सुर्र! माऊ म्हणजे माऊच ना! पण ढग रुसलाय, हे चुक्कीला आठवलं. ती छताजवळून, उंचावरूनच बोलली.

"माऊताई, माऊताई,
बाळ उतरेना,
आत्या उठेना,
हत्ती ढळेना,
रुमाल सरकेना,
टीव्ही गाईना,
ढगाची समजूत कोणी काढीना!
तू हल ना!"

माऊने एक डोळा उघडला. "मला थंडी वाजते. खिडकी उघडेल, ऊन आत येईल, तर मी हलेन. नाहीतर मुळीच नाही!" आणि डोळा मिटला.

सुर्र सुर्र, थांब! चुक्की गेली खिडकीकडे.

"खिडकीबाई, खिडकीबाई,
माऊ हलेना,
बाळ उतरेना,
आत्या उठेना,
हत्ती ढळेना,
रुमाल सरकेना,
टीव्ही गाईना,
ढगाची समजूत कोणी काढीना!
तू उघड ना!"

खिडकी म्हणाली, "माझी लाकडं फुगली. मी घट्ट अडकले. वारा बाहेरून ढकलेल, तर मी उघडेन. नाहीतर मुळीच नाही!"

चुक्की थकली. पाय दुखले. शेपटी दुखली. पण ती म्हणाली, "आता एकच राहिलं."

ती खिडकीच्या फटीतून बाहेर गेली. सुर्र... सुर्र... थांब! वारा पेरूच्या झाडावर लोळत होता.

"वारेबुवा, वारेबुवा,
खिडकी उघडेना,
माऊ हलेना,
बाळ उतरेना,
आत्या उठेना,
हत्ती ढळेना,
रुमाल सरकेना,
टीव्ही गाईना,
ढगाची समजूत कोणी काढीना!
तुम्ही ढकला ना!"

वारा ताडकन उठून बसला.

"ढगाची? म्हणजे 'डोंगर म्हणाला, डोंगर म्हणाला' ते गाणं? अगं, मी रोज खिडकीला कान लावून ऐकतो! डोंगर काय म्हणाला, मलाही ठाऊक नाही!"

"मग ढकला ना!"

"हा ढकलतो बघ!"

वाऱ्याने गाल फुगवले. फूऽऽऽ!

खिडकी उघडली. धाड!

ऊन आत आलं. माऊ हलली. उन्हात जाऊन लोळली. मोजा उडाला, भुर्र! बाळापाशी आला. आत्याने तो बाळाच्या पायात चढवला. बाळ उतरलं. थुप!

आत्या उठली. गुडघे वाजले, कट कट! तिने हत्ती उचलला. हुप्प! रुमाल सरकला. सळ्ळ!

आणि टीव्हीने श्वास घेतला. हुश्शऽऽ!

आत्याने टीव्हीच्या पाठीवर हात ठेवला. "हाय हाय! केवढा तापलाय!" मग तिने सरकलेल्या रुमालाकडे पाहिलं. मग टीव्हीच्या भोकांकडे पाहिलं.

"अगंबाई! हौसेने रुमाल घातला मी. तुला गुदमरवलंही मीच. आणि वर तुझ्याच पाठीत थापा दिल्या! चुकलं रे माझं."

तिने टीव्हीची पिन काढली. टीव्ही गार होऊ दिला. ब्रशने भोकांतली धूळ झाडली. फट फट फट! टीव्ही शिंकला असता, पण त्याला नाक नव्हतं. रुमाल आणि हत्ती गेले कपाटावर.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. आत्या बसली. बाळ बसलं. माऊ उन्हात बसली. वारा खिडकीत बसला. चुक्की भिंतीवर बसली, माऊपासून खूप खूप उंच.

गुंईऽऽ! टीव्ही लागला.

"ढग रुसला, ढग फुगला,
डोंगरामागे जाऊन बसला.
डोंगर म्हणाला, डोंगर म्हणाला..."

चुक्कीने डोळे घट्ट मिटले.

खट्ट झालं का? नाही झालं!

"...ये डोक्यावर, टोपी हो मला!"

"तोपी!" बाळ ओरडलं. आत्या खो खो हसली. वारा खोलीभर गरगर फिरला. माऊसुद्धा हसली, पण मिशीतल्या मिशीत.

आणि चुक्की? ती भिंतीवर नाचत सुटली. "ढग रुसलेला नाही! ढग टोपी झाला! चुक चुक! चुक चुक!"

आत्याने बोटं आपटली. टक टक टक! म्हणाली, "खरं आहे बाई, खरं आहे!"

जशी चुक्कीला तिची ओळ मिळाली, तशी तुम्हाआम्हाला मिळो. आणि कोणी रुसलं असेल, तर त्याची समजूत आजच निघो!