सगुणीचे नवे टायर

गाड्या अजून माणसांशी बोलत होत्या तेव्हाची गोष्ट. सगुणी नावाची एक पिकअप रोज डोंगराच्या पायथ्याशी थांबायची. माथ्यावरचा डेरेदार बेहडा वरून हाक मारायचा, "सगुणे, ये की गं वर!" पण चिखलात तिचे गुळगुळीत टायर जागच्या जागी फिरत राहायचे.

शेवटी ते झिजले, तेव्हा मालकानं दुकानात तिलाच विचारलं, "बोल, कुठले घालू?"

साधे टायर म्हणाले, "आम्ही आपले डांबरापुरते, बाई."

जाड खाचांचे टायर छाती काढून म्हणाले, "चिखल असो, खडक असो, आम्ही नेऊ!"

"हेच!" सगुणी म्हणाली. मालकानं एका शब्दात होकार दिला.

दुसऱ्याच दिवशी ती माथ्यावर पोचली. बेहडा पानापानांतून हसला. "आलीस! थांब आता माझ्या सावलीत."

हौद्यातली माणसं वनभोजनाला आली असतील, असं तिला वाटलं होतं. त्यांनी खाली उतरून करवत काढली.

संध्याकाळी बेहड्याचे ओंडके तिच्याच पाठीवर होते. उतारावर ती टायरांना विनवत राहिली, "घसरा रे, एकदा तरी घसरा!"

"घाबरू नका, बाईसाहेब," टायर प्रेमानं म्हणाले, "आम्ही घसरत नसतो. उद्या पलीकडच्या डोंगरावरही असंच अलगद नेऊ."