वैदीणबाईंची वही

फार पूर्वी, कागद बोलत आणि माणसं गुमान ऐकत, तेव्हाची गोष्ट. वैदीणबाईंच्या औषधांच्या वहीची पानं बांधणीला आली होती. सगळ्यात वरचं पान दाभणाकडे बघून चळचळा कापत होतं.

वाडग्यातली खळ लाडात म्हणाली, "माझ्याकडे ये, राजा. मी नुसतं चिकटवते. भोक नाही की दुखणं नाही!"

पान हरखलं.

दाभण म्हणाला, "जा की! पण चिकटवलेली वही हात काढला की मिटते. वैदीणबाईंचे दोन्ही हात खलबत्त्यात. त्यांनी वाचायचं कसं?"

"आणि शिवलंस तर?"

"दुखेल. पण सपाट उघडशील."

पानानं डोळे गच्च मिटले. "टोच बाबा!"

पुढे वैदीणबाईंच्या ओट्यावर ऐसपैस पसरून ते पान सगळ्यांना सांगायचं, "दाभणच घाबरला होता. मीच त्याला धीर दिला!"