साहेबाची ट्रंक

"उद्या सकाळी लवंगीची सोंड साहेबांच्या बंगल्यावर पोचली पाहिजे! आणि खबरदार, लवंगीच्या अंगावर ओरखडा जरी उठला तर!"

हिरडगावच्या सरकारांचा हा हुकूम घेऊन कासम माहूत घरी आला आणि दारातच मटकन खाली बसला. त्याची बायको जैनब लवंगीसाठी रोट भाजत होती. लवंगी म्हणजे सरकारांची लाडकी हत्तीण. नाव लवंगी, देह डोंगराएवढा!

"सोंड पाठवायची, आणि ओरखडा नको? सरकारांनी भांग घेतलीय का?"

"हळू बोल!" कासम इकडेतिकडे बघत म्हणाला, आणि रडत रडत त्यानं सगळं सांगितलं.

नदीवरचा पूल बांधून झाला होता आणि तो बांधणारा साहेब विलायतेला परत निघाला होता. निरोपाच्या मेजवानीत सरकार खुशीत आले. म्हणाले, "मागा साहेब, काय हवं ते मागा!"

साहेब लाजत लाजत म्हणाला, "ट्रंक."

"दिली!" सरकार गरजले. टाळ्या पडल्या. मग सरकार हळूच दुभाषी त्रिविक्रमपंतांच्या कानाशी लागले. "पंत, ट्रंक म्हणजे काय हो?"

"सोंड, सरकार!"

"अगं बाई!" जैनबनं कपाळाला हात लावला. "साहेबाला सोंड कशाला? नीट विचारायचं की पुन्हा!"

"दिवाणजी तेच म्हणाले. तर सरकार म्हणतात, शब्द दिल्यावर खुलासा मागायचा? आमचा शब्द म्हणजे काय बाजारातली वांगी, उलटीपालटी करून बघायला?"

जैनबनं हात धुतले, पदर खोचला आणि तडक वाड्यावर गेली.

"सरकार, सोंड साहेबाला द्यायची, एवढंच ना?"

"एवढंच!"

"मग सोंडेला मागं काही चिकटलेलं असलं, तर गुन्हा नाही ना?"

"काय चिकटलेलं असेल?"

"थोडंसंच, सरकार!"

सकाळी वाजतगाजत वरात निघाली. लवंगीच्या सोंडेवर वेलबुट्टी काढलेली, सोंडेला लाल फीत बांधलेली. मागे सरकार, दिवाण, पंत आणि अर्धं गाव. साहेब धावत व्हरांड्यात आला. भोवती कपड्यांचे ढीग पडले होते.

जैनबनं वाकून सलाम केला. "साहेब, ही सोंड सरकारांनी दिली. आजपासून तुमची. मागची हत्तीण मात्र सरकारांची. सोंड इथं राहील तोवर ती बापडी पाहुणी म्हणून राहील!"

पंतांनी इंग्रजी केलं. साहेबानं आ वासला. तेवढ्यात नव्या मालकाची सोंड कामाला लागली! टेबलावरची केळी गेली. पाव गेला. दुधाचं भांडं सुर्र करून रिकामं झालं. मग सोंडेनं साहेबाची टोपी उचलली आणि लवंगीच्या डोक्यावर ठेवली.

"नो, नो! ट्रंक! ट्रंक!" साहेब थयथयाट करू लागला.

"हो, हो, ट्रंकच!" अर्धं गाव एका सुरात ओरडलं.

साहेबानं पंतांचा हात धरून त्यांना कपड्यांच्या ढिगाकडे ओढत नेलं. हवेत चौकोन काढला, झाकण लावलं, कुलूप घातलं. पंतांचा चेहरा हळूहळू उतरला.

"सरकार... ट्रंक म्हणजे पेटीसुद्धा."

"सुद्धा?"

"हत्तीची सोंड ट्रंक, झाडाचं खोड ट्रंक आणि कपड्यांची पेटीही ट्रंकच."

"एकाच शब्दाच्या पाठीवर एवढं ओझं? विलायतेत शब्दांचा दुष्काळ आहे की काय!"

दिवाणजी पुढं झाले. "मग सोपं आहे, सरकार. पेटी देऊ, सोंड परत घेऊ."

"परत?" सरकारांच्या मिशा थरथरल्या. "दिलेली वस्तू आमच्या सात पिढ्यांत कुणी परत घेतली नाही! सोंड साहेबांचीच. जाऊ दे लवंगीला विलायतेला!"

हे बोलताना सरकारांनी लवंगीकडे पाठ फिरवली; पण हट्ट तो हट्ट! कासमनं तर हंबरडा फोडला. एवढंसं पिल्लू होतं तेव्हापासून जैनबनं लवंगीला हातानं भरवलं होतं. बोटीवर हिला रोट कोण भाजून घालणार? ती दोन पावलं पुढं आली.

"सरकार, तुम्ही साहेबाला काय दिलंत? वस्तू की शब्द?"

"शब्द!"

"कोणता?"

"ट्रंक!"

"मग तुमचा शब्द साहेबापाशीच राहू द्या की! सोंड गेली आणि पेटी आली, तरी साहेबापाशी काल ट्रंक, आज ट्रंक, विलायतेतही ट्रंक! तुम्ही परत काय घेतलंत?"

सरकारांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं, आणि त्यातून असं गडगडाटी हसू बाहेर पडलं की व्हरांड्यावरची कबुतरं उडाली! पंतांनी सांगितल्यावर साहेबही पोट धरून हसत कपड्यांच्या ढिगावरच कोसळला.

डोळे पुसत सरकारांनी वाड्यावरची सर्वांत मोठी शिसवी पेटी आणायला माणूस पिटाळला. मग मनगटातलं सोन्याचं कडं काढून जैनबपुढं धरलं.

"घे! पंत, कड्याला इंग्रजीत काय म्हणतात हो?"

"नको सरकार!" जैनबनं झडप घालून कडं हातात चढवलं. "नाव विचारू नका! मी मराठीतच घेते!"