तुरा येईपर्यंत थांब

माळावरच्या गवतांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची गोष्ट. चांदी शेळीला एक नवं, लुसलुशीत गवत दिसलं. ती तोंड घालणार तोच गवतांचे जाणकार नाकतोडेबुवा ओरडले, "थांब! तुरा आल्याशिवाय गवताची ओळख पटत नाही. विषारी निघालं म्हणजे?"

"बुवा, पोटात कावळे ओरडताहेत हो!"

"ओरडू देत. शास्त्र म्हणजे शास्त्र."

चांदी थांबली. बुवा मात्र नमुना म्हणून रोज चार कोवळी पाती चघळत होते. अभ्यास म्हटला की एवढे कष्ट आलेच.

अखेर तुरा आला. चांदीने अधाशासारखा घास घेतला, तर टोकदार कुसळं जिभेत रुतली.

बुवा आनंदाने नाचले. "ओळख पटली! ही कुसळी! अगं, पण ही कोवळी असतानाच खायची असते, एवढंही ठाऊक नाही तुला?"