नावाडी आणि डोहातले खडस

एका नदीच्या उताराशी, जिथून लोक पलीकडे जात, एक नावाडी राहत होता. नाव होती, वल्हं होतं, पण नावेत बसायला माणूस उरला नव्हता. वरच्या अंगाला कोसभरावर पूल झाला आणि सगळी वर्दळ तिकडे वळली. बाजाराला जाणाऱ्या बायका, लग्नाची वऱ्हाडं, मेंढरं हाकणारे धनगर, सगळे पुलावरून जाऊ लागले. यात कुणाचं चुकलं असंही नाही. पूल असताना नावेत बसून लुगडं कोण भिजवील?

नावाड्याची बायको केव्हाच गेली होती. मूलबाळ नव्हतं. गावात जाऊन चार घरी बसला असता तर कुणी नको म्हटलं नसतं. पण जन्मभर लोक त्याच्याकडे आले होते. आपण उठून लोकांकडे जायचं, हे त्याच्या अंगवळणीच पडलं नव्हतं. तो झोपडीच्या दारात बसून पलीकडच्या काठाकडे बघत राही. पूर्वी तिथून कुणीतरी हाक द्यायचं आणि हा वल्हं उचलायचा. आता दिवसच्या दिवस कुणी हाक देत नव्हतं आणि म्हाताऱ्याचा जीव एकटेपणाने कासावीस होई.

उताराच्या जरा खाली एक खोल डोह होता आणि त्यावर उंबराचं झाड वाकलेलं होतं. त्या डोहात खडस राहत. खडस हा डोंगराकडच्या नदीतला मासा. खवले मोठे, ओठ जाड, अंगात रग आणि स्वभावाने महासंशयी. नावाड्याला त्याच्या खाण्यापिण्याच्या सवयी घरच्या माणसाच्या असाव्यात तशा ठाऊक होत्या. खडस खडकाच्या आडोशाला, वाहत्या पाण्याकडे तोंड करून थांबतो. उगाच धावाधाव करत नाही. पाणी जे आणून देईल ते पारखून घेतो. कधी किडा, कधी लहानगी मासळी, काही नाही तर दगडावरचं शेवाळ. आणि उंबरं पिकली की मग काय, त्याची चंगळच. फळ पाण्यात पडल्याचा आवाज झाला की खालून सळकन वर येतो.

पण काठावरून माणसाची सावली पाण्यात पडली, की डोह क्षणात रिकामा. म्हणून ज्याला खडस धरायचा असेल त्याने सूर्याकडे तोंड करून बसावं, म्हणजे सावली पाठीमागे पडते. पाय आपटू नयेत. गळाला उंबर लावून ते वरच्या अंगाला सोडावं, पाणीच ते त्याच्या तोंडाशी नेऊन पोचवतं. तरुणपणी नावाड्याने असे पुष्कळ धरले होते. आता एकट्यासाठी मासा रांधायचा त्याला कंटाळा येई, म्हणून गळ आढ्याला खोचून ठेवला होता.

एकदा भाकरी खाता खाता त्याने उरलेला तुकडा डोहात टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकला. मासे आधी लांबून बघत, मग तो उठून गेल्यावर खात. पुढे पुढे तो बसलेला असतानाच खाऊ लागले. उन्हाळ्यात तो उंबरं वेचून एक एक टाकू लागला. होता होता अशी वेळ आली की त्याची सावली पाण्यात पडली की मासे पळायच्या ऐवजी गोळा होत. त्यात एक मादी सगळ्यांत मोठी होती. तिला तो थोरली म्हणे. थोरली त्याच्या बोटांतून उंबर काढून घेई, अगदी हलकेच, बोटाला ओठ लागला न लागला असं.

आता या गोष्टीतले मासे काही बोलत नाहीत. बोलले असते तर नावाड्याला आणखी काय हवं होतं! बोलायचं काम तो एकटाच करी. "काय गं थोरले, आज उशीर केलास," असं म्हणून तो तिला गावच्या जुन्या गोष्टी सांगत बसे. वेड्यासारखं दिसे खरं, पण त्याला बरं वाटे.

एके दिवशी खालच्या गावचा एक माणूस वाट चुकून तिकडे आला. बोलका होता, हसरा होता. नावाड्याने त्याला गूळपाणी दिलं. किती दिवसांनी दुसऱ्या माणसाच्या हातात तांब्या दिला होता! पाहुण्याने डोहात डोकावून विचारलं, "बाबा, हे एवढालं मासं तुमच्याजवळ येत्यात कसं?"

बस्स. एवढं विचारायचा अवकाश, म्हाताऱ्याचा बांध फुटला. मासे कुठे थांबतात, कोणत्या वेळी खातात, गढूळ पाण्यात का खात नाहीत, उंबर कसं सोडायचं, सगळं सगळं त्याने सांगितलं. पाहुणा हुंकार देत होता. आपलं कुणीतरी ऐकतंय या सुखात नावाड्याला वेळेचं भान राहिलं नाही.

पाहुणा पुन्हा आला, आणखी एकदा आला. नावाडी त्याची वाट बघू लागला.

मग एका बाजारच्या दिवशी नावाडी मीठमिरची आणायला गावात गेला. परत येतो तो डोहाच्या काठावर पाहुणा बसलेला, शेजारी गवतावर तीन मोठे खडस पडलेले. त्यांच्या डोळ्यांवर माशा बसत होत्या.

"बाबा, तुम्ही बोलला ते खरंच की," पाहुणा खुशीत म्हणाला. "सावली टाळायचीबी गरज पडली न्हाई. मी वाकलो की आपणहून वर आलं. उंबर टाकायचं आन् वर काढायचं."

नावाड्याने हातातली मीठमिरची खाली ठेवली. तो म्हणाला, "ते माझ्या हातचं खाणारं हाईत रे."

"आवो, मासाच हाय तो. नदीला काय कुणी कुंपण घातलंय?" पाहुणा मनाने वाईट नव्हता. त्याने एक मासा नावाड्याला देऊ केला. नावाड्याने नको म्हणून मान हलवली. जाता जाता पाहुणा म्हणाला, "पुढच्या आठवड्यात आमची जत्रा हाय. चार गडी घेऊन येतो. डोह भरलाय नुसता. तुम्हीबी बसा आमच्यात, गप्पा हुतील."

तो गेला. नावाड्याने डोहात पाहिलं. त्याची सावली पाण्यात पडताच उरलेले सगळे मासे तोंडं वर करून आले. थोरली सर्वांत पुढे होती. परक्याची सावली कोणती आणि आपल्याची कोणती, हे या मुक्या जिवांना काय कळणार? जन्मजात जे भय त्यांना राखत होतं, ते त्यानेच आपल्या करमणुकीसाठी एक एक उंबर टाकून घालवलं होतं. आणि वर सगळी गुपितं पाहुण्याच्या ओंजळीत ओतली होती.

सकाळी, मासे बुजावेत म्हणून, त्याने डोहात दगड मारले. झालं भलतंच. दगड पाण्यात पडल्याचा आवाज झाला की मासे वर धावत आणि खायला काय आलं म्हणून दगडाभोवती घोटाळत. त्याने वल्ह्याने पाणी झोडपलं. मासे पांगले, पण संध्याकाळी तो काठावर आला तशी तोंडं पुन्हा वर हजर. दोन दिवस तो फिरकलाच नाही. तिसऱ्या दिवशी कुणाची तरी म्हैस पाणी प्यायला वाकली, तर मासे तिच्याही तोंडाशी जमले.

त्याला उपाय एकच ठाऊक होता, आणि तो त्याला नको होता. तरुणपणी त्याने पाहिलं होतं की गळाला लागून सुटलेला मासा त्या सावलीला, त्या आमिषाला पुन्हा फसत नाही. एवढंच नाही, तो ज्या जोराने पळतो ते पाहून बाकीचेही शहाणे होतात. गळाचा चटका मासा विसरत नाही.

पण मग हे मासे त्याच्या हातचा चटकाही विसरणार नव्हते. जगात त्याची वाट बघणारं एवढंच काय ते उरलं होतं.

तो दिवसभर दारात बसून राहिला. जत्रेच्या तयारीचे ढोल लांबून ऐकू येत होते. गप्प बसला असता तर चार गडी येणार होते, गप्पा होणार होत्या, कुणी त्याला दोषही दिला नसता. शेवटी तो उठला, आढ्याचा गळ काढला आणि त्याचा उलटा काटा दगडावर घासून घासून गुळगुळीत केला, म्हणजे लागेल पण अडकून राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात, आपली सावली मुद्दाम पाण्यावर पाडून तो बसला आणि गळाला उंबर लावलं. पहिला मासा आला, लागला, तडफडला, सुटला. मग दुसरा. प्रत्येकाला वर ओढून तो पाण्यातच सोडून देई. डोह ढवळून निघाला. हळूहळू पाणी शांत झालं आणि वर कुणीच येईना.

फक्त थोरली राहिली होती. ती गळाकडे आली नाही. ती नेहमीसारखी सरळ त्याच्या हाताजवळ आली आणि थांबली. एवढा गोंधळ झाला तरी तिला या हाताचा संशय आला नव्हता. नावाड्याने उंबरात गळ लपवला आणि ते बोटांत धरलं. तिने हलकेच उंबर घेतलं आणि त्याने दोरी ओढली.

केवढ्या जोराने ती गेली! दोरी त्याच्या तळव्याची साल काढत गेली. मग काटा सुटला आणि दोरी सैल पडली. नावाडी तिथेच काठावर लहान मुलासारखा रडला.

जत्रेच्या आदल्या दिवशी पाहुणा चार गडी आणि गळाच्या पाच काठ्या घेऊन आला. सकाळपासून दुपार टळेपर्यंत ते बसले. टोपलीभर उंबरं वाहून गेली. मानेची कातडी भाजली, शिव्या देऊन तोंडं सुकली, पण एक खवला हाती लागला नाही.

"बाबा, मासं कुठं घालवलं?" पाहुण्याने विचारलं.

"हितंच हाईत."

"मग येत का न्हाईत?"

"माणूस ओळखाय लागलं," नावाडी म्हणाला.

पाहुणा रागावून गेला. तो पुन्हा त्या बाजूला आला नाही.

नावाडी मात्र अजून रोज डोहावर जाई. त्याची सावली पडली की पाणी एकदम रिकामं होई. पहिल्यांदा ते पाहून त्याला हायसं वाटलं. मग तो लांब, झाडाच्या बुंध्यामागे बसू लागला. उंबर पिकून आपोआप गळे, पाण्यात पडे, आणि तसंच वाहून जाई. तो तिथे आहे हे मासे जाणून होते. जमिनीवरचं पाऊलसुद्धा त्यांना पाण्यात कळतं. तो बसला आहे तोवर ते उपाशी थांबत आणि तो निघून गेल्यावरच खायला वर येत.

हे लक्षात आल्यापासून नावाडी तिथून लवकर उठू लागला.

तात्पर्य: आपल्याला सोबत हवी म्हणून कुणाला त्याचं भय विसरायला लावू नये. आणि लावलंच असेल, तर ते परत शिकवताना होणारी ताटातूटही आपणच सोसावी.